इव्हान द टेरिबल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची जरा लांबलेली उत्तरं

इव्हान द टेरिबलचं नाव निघालं की दोनच गोष्टी ऐकू येतात, एक म्हणजे पोटच्या पोराला मारलं आणि दुसरी म्हणजे वेडा होता. मग कोणीतरी येऊन सांगतं की नाही हो, त्यानेच रशिया उभा केला, असाच कडक माणूस पाहिजे. हा वाद काही संपत नाही, म्हणून तेच तेच प्रश्न एकदाचे इथे घेतलेत. काही उत्तरं दोन ओळींत उरकलीत आणि काही फार लांबलीत, त्याला इलाज नाही.

हा नेमका कोण आणि कधीचा?

इव्हान चौथा. जन्म २५ ऑगस्ट १५३०, मॉस्कोजवळच्या कोलोमेन्स्कोयेचा. बाप मॉस्कोचा ग्रँड प्रिन्स वासिली तिसरा, आई येलेना ग्लिन्स्काया. वासिलीला पहिल्या बायकोपासून मूल झालं नाही म्हणून त्याने तिला मठात पाठवलं आणि दुसरं लग्न केलं, त्यातून हा झाला. मेला १५८४ मध्ये. काळ अकबराचाच, अकबर त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. त्यामुळे याला मध्ययुगीन म्हणायचं की नाही यावर इतिहासवाले भांडतात, पण त्याच्या दरबारातली भांडणं, मठ, शपथा, सरदारांच्या घराण्यांची उतरंड हे सगळं बघितलं तर मध्ययुग अजून पुरतं गेलेलं नव्हतं एवढं नक्की.

'टेरिबल' म्हणजे भयानक ना?

नाही, निदान मूळ शब्दात तरी नाही. रशियनमध्ये त्याला 'ग्रोझ्नी' म्हणतात आणि तो शब्द 'ग्रोझा'वरून आलाय, म्हणजे गडगडाटी वादळ. आपल्याकडे सगळ्यात जवळचा शब्द 'दरारा'. ज्याच्या नुसत्या नावाने शत्रूला घाम फुटतो असा तो. जुन्या इंग्रजीत 'टेरिबल'चा अर्थही तोच होता, पुढे इंग्रजी शब्द घसरला आणि बिचाऱ्याचं नाव सोबत घसरलं. म्हणजे बिचारा म्हणण्यासारखा काही तो नव्हता, पण शब्दापुरतं म्हणू.

लहानपण खूप वाईट गेलं म्हणतात, खरं का?

हो, आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तीन वर्षांचा असताना बाप गेला. आई राज्य बघायची, तीही तो सात वर्षांचा असताना गेली, विषप्रयोगाची कुजबुज तेव्हाच सुरू झाली. मागे उरला हा आणि एक धाकटा मुकाबहिरा भाऊ युरी. मग शुइस्की आणि बेल्स्की या दोन बड्या घराण्यांत सत्तेची खेचाखेची. हे 'बोयार' म्हणजे जुने खानदानी सरदार. समारंभात हेच लोक या पोराला सिंहासनावर बसवून वाकून मुजरा करायचे आणि दार लागलं की कोणी विचारायचं नाही. पुढे एका पत्रात त्याने लिहिलंय की आम्ही भावंडं खेळत असायचो आणि इव्हान शुइस्की बाकावर बसून आमच्या वडिलांच्या पलंगावर कोपर टेकवून, पाय वर टाकून बसायचा, आम्हाला धड कपडे नाहीत की वेळेवर जेवण नाही. बघा, मोठा झाल्यावर हजारो माणसं मारलेल्या माणसाच्या डोक्यात काय बसलं होतं, तर बापाच्या पलंगावरचा तो कोपर.

तेराव्या वर्षी त्याने पहिला हुकूम सोडला, आंद्रेई शुइस्कीला पकडा. पकडून मारणारे होते राजाचे कुत्रे सांभाळणारे नोकर. तिथून पुढे बोयार लोक त्याच्याशी जरा जपून बोलायला लागले.

'त्सार' ही पदवी त्यानेच आणली का?

शब्द जुना होता, 'सीझर'वरून आलेला, त्याचा आजोबा इव्हान तिसरा अधूनमधून वापरायचाही. पण रीतसर त्सार म्हणून राज्याभिषेक झालेला पहिला हाच, १६ जानेवारी १५४७, क्रेमलिनमधल्या उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये, मेट्रोपॉलिटन म्हणजे रशियन चर्चचा प्रमुख, त्या माकारीच्या हातून. वय सोळा. यात राजकारण होतं. पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याचा, म्हणजे बायझंटाइनचा सम्राट गेलेला, तातार खानांनाही रशियन लोक त्सारच म्हणायचे, तेव्हा ही पदवी घेणं म्हणजे आमच्या वर आता फक्त देव असं जाहीर करणं. दोनतीन आठवड्यांत अनास्तासिया रोमानोव्नाशी लग्न झालं आणि त्याच उन्हाळ्यात मॉस्को जळलं. लोक इतके भडकले की त्यांनी राजाच्या मामालाच मारून टाकलं. सोळा वर्षांच्या पोराने हे जवळून बघितलं.

काही चांगलं केलं की नाही?

भरपूर केलं, आणि इथेच खरी गंमत आहे. पहिली दहाबारा वर्षं बघितली तर हा एकदम कामाचा राजा वाटतो. १५४९ मध्ये 'झेम्स्की सोबोर' ही मोठी सभा बोलावली, १५५० मध्ये नवा कायदा, त्याच वर्षी बंदूकधारी पायदळ, ज्यांना 'स्त्रेल्त्सी' म्हणतात. १५५१ मध्ये चर्चची शंभर प्रकरणांची नियमावली झाली. मॉस्कोत पहिलं तारखेसकट छापलेलं पुस्तक १५६४ चं, तेही याच्याच आश्रयाने. सोबत आलेक्सेई अदाशेव्ह आणि सिल्वेस्तर नावाचा पाद्री अशी हुशार माणसं होती.

आणि कझान. तातारांचं हे शहर वोल्गाच्या काठी, आधीच्या स्वाऱ्यांना दाद देत नव्हतं. मग १५५१ मध्ये काय केलं, वरच्या अंगाला उग्लिचकडे जंगलात एक आख्खा लाकडी किल्ला तयार केला, ओंडक्यांवर खुणा केल्या, सुटा केला, वोल्गेतून खाली वाहत आणला आणि कझानच्या जवळ महिन्याभराच्या आत परत जोडला. स्वियाझ्स्क त्याचं नाव. प्रीफॅब म्हणतात ना, ते हेच. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला तटाखाली सुरुंग लावून कझान घेतलं, १५५६ मध्ये आस्त्राखान, आणि सगळी वोल्गा कॅस्पियनपर्यंत मॉस्कोची झाली.

पण हा विजय मॉस्कोच्या बाजूने बघितला तर. शहर पडल्यावर आत मोठी कत्तल झाली आणि कझानमधले तातार लोक आजही ऑक्टोबरमध्ये त्या मेलेल्यांचा स्मृतिदिन पाळतात.

सेंट बेसिल कॅथेड्रल बांधणाऱ्यांचे डोळे खरंच काढले का, पुन्हा असं बांधू नये म्हणून?

नाही. ही गोष्ट जगात जिथे जिथे सुंदर इमारत आहे तिथे तिथे सांगतात, आपल्याकडे ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडले हीच ती. चर्च कझानच्या विजयासाठी १५५५ ते १५६१ मध्ये बांधलं, परंपरेने बांधणाऱ्यांची नावं बार्मा आणि पोस्तनिक सांगतात, आणि पोस्तनिक नंतर कझानच्या किल्ल्याच्या कामावर होता. आंधळा माणूस किल्ला कसा बांधेल. आणि एक, घुमटांचे ते आइस्क्रीमसारखे रंग इव्हानने कधी पाहिलेच नाहीत, ते नंतरचे. बेसिल म्हणजे वासिली हा मॉस्कोचा एक उघडानागडा फिरणारा अवलिया होता, त्याच्या थडग्यावरचं देऊळ इव्हान मेल्यावर १५८८ मध्ये जोडलं.

मग बिघडलं कुठे?

सोपं उत्तर असं देतात की १५६० मध्ये अनास्तासिया गेली आणि हा पिसाळला. ते थोडं खरं आहे, तिला विष घातलं असं त्याला कायम वाटत राहिलं. पण संशयाची मुळं आधीची आहेत. १५५३ मध्ये तो खूप आजारी पडला, वाचत नाही असं वाटलं, आणि त्याने बोयारांना सांगितलं की माझ्या तान्ह्या मुलाशी निष्ठेची शपथ घ्या. बऱ्याच जणांनी आढेवेढे घेतले, त्यांना चुलतभाऊ व्लादिमीर बरा वाटत होता. राजा बरा झाला आणि काही विसरला नाही. (ते बाळ त्याच वर्षी नदीत बुडून गेलं.)

त्यात १५५८ मध्ये बाल्टिक किनाऱ्यासाठी लिव्होनियाचं (आजचं एस्टोनिया-लाटव्हिया) युद्ध काढलं. नार्वा बंदर मिळालं, सुरुवात झकास झाली, आणि मग पोलंड, लिथुआनिया, स्वीडन सगळे उतरले आणि ते युद्ध पंचवीस वर्षं चाललं. अदाशेव्ह आणि सिल्वेस्तर बाजूला गेले. १५६४ मध्ये त्याचा जवळचा सेनापती आंद्रेई कुर्ब्स्की रातोरात पळून शत्रूला मिळाला आणि तिकडून जाहीर शिव्यांचं पत्र पाठवलं. इव्हानने उत्तर दिलं ते आख्ख्या पुस्तकाएवढं. वर पलंगाची आठवण सांगितली ती याच पत्रातली. १९७१ मध्ये एका अमेरिकन अभ्यासकाने ही पत्रं बनावट आणि नंतरची आहेत असं म्हटल्यावर मोठा गदारोळ झाला, पण बहुतेक अभ्यासक ती खरी मानतात. आणि वाचताना वाटतंही, एवढी आदळआपट कोणी दुसऱ्याच्या नावावर कशाला करेल.

ओप्रिचनिना म्हणजे काय, सोप्या भाषेत?

डिसेंबर १५६४ मध्ये राजाने मूर्ती, खजिना, बायकापोरं सगळं स्लेजवर लादलं आणि मॉस्को सोडून निघाला, कुठे ते कोणाला सांगितलं नाही. शंभरेक किलोमीटरवर आलेक्सांद्रोव्ह गावात जाऊन बसला आणि जानेवारीत दोन पत्रं पाठवली. एका पत्रात बोयार आणि पाद्री सगळे चोर आणि गद्दार, मी राज्य सोडतो. दुसऱ्यात मॉस्कोच्या सामान्य लोकांना, माझा तुमच्यावर काही राग नाही. राजकारण म्हणून बघितलं तर काय डाव आहे! लोक रस्त्यावर आले, बोयारांना घाम फुटला, आणि शिष्टमंडळ रडत विनवायला गेलं. येतो म्हणाला, पण अटीवर. गद्दार कोण ते मी ठरवणार, शिक्षा मी ठरवणार, मध्ये कोणी बोलायचं नाही, आणि राज्याचा एक तुकडा फक्त माझा, वेगळा.

त्या वेगळ्या तुकड्याला 'ओप्रिचनिना' म्हणायचं. हा शब्द आधी विधवेसाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या जमिनीला वापरायचे, म्हणजे राजा स्वतःला जवळजवळ विधवेची पोटगी मागत होता. तिथे त्याचे स्वतःचे शिपाई, सुरुवातीला हजार, नंतर वाढत गेले. काळे कपडे, काळे घोडे, खोगिराला कुत्र्याचं मुंडकं आणि झाडूची खूण, गद्दारांना हुंगायचं आणि झाडून काढायचं. त्या गावात मठासारखा दिनक्रम, पहाटे घंटा, लांबलचक प्रार्थना, राजा स्वतः मठाधिपतीच्या थाटात, आणि प्रार्थना झाली की तळघरात चौकश्या. तिथल्या सगळ्यात बदनाम माणसाचं नाव मल्युता स्कुरातोव्ह, ते नाव रशियनमध्ये आजही जल्लाद या अर्थाने वापरतात.

बाकीच्या राज्यात जुने बोयार नावाला कारभार बघत होते आणि हे काळे घोडेस्वार कोणाच्याही वाड्यात घुसत होते, त्यांच्याविरुद्ध दाद मागायची सोय नव्हती. कुंपणच शेत खायला लागलं ते असं. मेट्रोपॉलिटन फिलिप हा एकटा माणूस भर चर्चमध्ये राजाला बोलला, आशीर्वाद दिला नाही. त्याला १५६८ मध्ये पदावरून काढलं आणि पुढच्या वर्षी त्वेरच्या मठात मल्युताने गळा दाबून मारलं. आज तो संत आहे.

योगायोग बघा, राज्य सोडतो म्हणणारी ती पत्रं मॉस्कोत पोचली तो महिना जानेवारी १५६५, म्हणजे तालिकोटच्या लढाईचाच. तिकडे विजयनगरचं राज्य बाहेरून कोसळत होतं आणि इकडे एक राजा स्वतःचंच आतून पोखरायला बसला होता.

नोव्हगोरोदमध्ये काय झालं?

१५७० च्या जानेवारीत राजा स्वतः या शहरावर चालून गेला, हो, स्वतःच्याच शहरावर. संशय असा की हे लोक लिथुआनियाला मिळणार आहेत. काही आठवडे मठ लुटले, व्यापारी मारले, माणसांना बांधून वोल्खोव्ह नदीच्या बर्फातल्या पाण्यात ढकललं. आकडा दोन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत काहीही सांगतात, जुन्या बखरी तर त्याच्याही पुढे जातात.

तिथून तो प्स्कोव्हला गेला आणि प्स्कोव्ह वाचलं. गोष्ट अशी सांगतात की तिथल्या निकोला नावाच्या अवलियाने राजापुढे कच्चं मांस ठेवलं. राजा म्हणाला, उपासाचे दिवस आहेत, मी मांस खात नाही. निकोला म्हणाला, माणसांचं तर खातोस. खरं खोटं सोडा, पण लोकांना ही गोष्ट चारशे वर्षं सांगावीशी वाटली.

पण दहशतीचा काही उपयोग झाला ना? राज्य तर एकत्र राहिलं?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि माझं उत्तर एकच असतं, १५७१ बघा. मे महिन्यात क्रिमियाचा खान देवलेत गिराय थेट मॉस्कोवर आला. निष्पाप माणसांच्या वाड्यांत घुसण्यात पटाईत असलेले ओप्रिचनिनाचे शिपाई लढाईला पुरेसे जमलेच नाहीत, राजा उत्तरेकडे पळाला आणि मॉस्को काही तासांत जळून खाक झालं. पुढच्या वर्षी खान परत आला तेव्हा मोलोदीच्या लढाईत त्याला हरवलं कोणी, तर मिखाईल व्होरोतिन्स्कीने, म्हणजे जुन्या खानदानी सरदारांपैकीच एकाने, ओप्रिचनिना आणि बाकीचं राज्य अशा दोन्हीकडच्या सैन्याला एकत्र करून. त्याच वर्षी इव्हानने ओप्रिचनिना गुंडाळली, तो शब्द उच्चारायलाही बंदी घातली. आणि व्होरोतिन्स्कीला बक्षीस? वर्षभरात गद्दारीचा आरोप, छळ आणि मृत्यू.

लिव्होनियाचं युद्ध १५८३ मध्ये संपलं तेव्हा बाल्टिकवर जे काही मिळवलं होतं ते जवळजवळ सगळं गेलं होतं. गावं ओस पडली, शेतकरी पळाले, आणि ते पळू नयेत म्हणून १५८० च्या दशकात मालक बदलायच्या त्यांच्या जुन्या हक्कावर बंदी यायला लागली, पुढची भूदासप्रथा तिथून आवळत गेली. म्हणजे 'कडक होता पण राज्य चालवलं' या हिशोबातही तो नापास होतो. मिळवलं ते सगळं पहिल्या काळात, सभा बोलावून, सल्ला घेऊन. घालवलं ते नंतर.

एकूण किती लोक मारले?

यावर सगळ्यात भारी पुरावा शत्रूंचा नाही, त्याचाच आहे. शेवटच्या वर्षांत त्याने आपण मारलेल्यांची यादी करायला लावली आणि मठांना पैशांसकट पाठवली, यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा म्हणून. साधारण तीनेक हजार माणसं त्यात आहेत. बऱ्याच ठिकाणी नावं नाहीत, नुसतं 'प्रभो, नावं तुलाच ठाऊक'. नोव्हगोरोदची नोंद तर कारकुनी थाटाची, मल्युताच्या हिशोबाप्रमाणे १,४९० जण हाताने कापले आणि १५ जण बंदुकीने. यादी पुरी नाही हे उघड आहे, भुकेने आणि साथीने मेलेले त्यात कुठून असणार. काही लोक म्हणतात त्या काळच्या युरोपात यापेक्षा जास्त मारले गेले, फ्रान्समध्ये एका कत्तलीत इतके मेले वगैरे. असतील. त्याने ही यादी छोटी होत नाही.

इंग्लंडच्या एलिझाबेथला मागणी घातली होती का?

१५५३ मध्ये रिचर्ड चान्सलर नावाचा इंग्रज उत्तरेच्या समुद्रातून वाट काढत चुकून रशियात पोचला, तिथून व्यापार सुरू झाला. इव्हानला एलिझाबेथशी नुसता व्यापार नको होता, लष्करी करार हवा होता आणि वेळ आली तर एकमेकांकडे आसरा. तिच्याशी लग्नाची बोलणी झाल्याचं सांगतात, पण पक्कं म्हणावं असं तिच्या नात्यातल्या मेरी हेस्टिंग्जबद्दलचं, तेही शेवटी शेवटी, आणि ते जमलं नाही. एलिझाबेथने गोड बोलून टाळाटाळ केल्यावर १५७० मध्ये त्याने तिला लिहिलं की मला वाटलं राज्य तू चालवतेस, पण चालवतात तुझे व्यापारी, आणि तू बसलीयेस चारचौघींसारखी नुसती कुमारिका म्हणून. राणीला!

एकूण लग्नं किती?

सहा की सात यावर वाद आहे. चर्चची परवानगी तीनपर्यंत, तिसरी बायको मार्फा लग्नानंतर काही दिवसांतच वारली म्हणून चौथ्याला प्रायश्चित्त घेऊन मुभा मिळाली, त्यापुढे त्याने विचारायचंच सोडून दिलं.

मध्येच वर्षभर दुसऱ्याला राजा केलं होतं, हे काय प्रकरण?

१५७५ मध्ये त्याने सिमेओन बेकबुलातोविच या बाप्तिस्मा घेतलेल्या तातार राजपुत्राला ग्रँड प्रिन्स करून क्रेमलिनमध्ये बसवलं आणि स्वतः 'इव्हान वासिल्येव' या साध्या नावाने त्याला अर्ज लिहायला लागला, अगदी लाचार भाषेत. वर्षभराने त्याला हटवून त्वेरला पाठवलं. भविष्याची भीती, मठांचा पैसा काढायची युक्ती, नुसती थट्टा, अशी बरीच कारणं देतात. मला एकही पूर्ण पटत नाही.

मुलाला खरंच मारलं का?

नोव्हेंबर १५८१. थोरला मुलगा इव्हान, वय सत्तावीस. त्या काळात मॉस्कोत आलेल्या पोपच्या दूताने, अंतोनियो पोसेविनोने लिहिलंय की गरोदर सून येलेना पुरेसे कपडे न घालता बसलेली दिसली म्हणून सासऱ्याने तिला मारलं, नवरा मध्ये पडला, बापाने टोकदार काठी त्याच्या डोक्यात घातली. काही दिवसांनी मुलगा गेला. दुसऱ्या हकिगतींत भांडण युद्धावरून आहे. १९६३ मध्ये कबर उघडली तेव्हा कवटी इतकी कुजलेली होती की जखम होती की नव्हती हे ठरवता आलं नाही, म्हणून काही जण म्हणतात तो आजाराने गेला.

पण आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते इल्या रेपिनचं १८८५ चं चित्र, रक्ताने माखलेल्या पोराला कवटाळून बसलेला म्हातारा, डोळे फाटलेले. १९१३ मध्ये एकाने त्यावर चाकू चालवला, २०१८ मध्ये दुसऱ्याने लोखंडी दांडा. रंग आणि कापड आहे, तरी माणसांना सहन होत नाही.

वेडा होता का? पारा सापडला म्हणतात ना?

सापडला, त्याच्या हाडांत आणि अनास्तासियाच्या केसांतही. पण तेव्हा पारा औषधात सर्रास वापरायचे, त्यामुळे विष की मलम हे सांगता येत नाही. मणका इतका खराब झालेला होता की शेवटी हलणंही मुश्कील असणार. पण 'वेडा होता' म्हटलं की बाकी सगळे सुटतात, तळघरातले कारकून, यादी करणारे, जप्तीची जमीन घेणारे. ते तर शहाणे होते.

सायबेरिया त्यानेच जिंकला का?

स्ट्रोगानोव्ह या मिठाच्या व्यापाऱ्यांनी यर्माक नावाच्या कोसॅकला, म्हणजे सरहद्दीवरच्या मोकाट लढवय्यांपैकी एकाला पाठवलं आणि त्याने १५८२ मध्ये कुचुम खानाची राजधानी घेतली. इव्हानने आधी स्ट्रोगानोव्हांना कडक पत्र लिहून झापलं होतं, विनाकारण भांडण उकरता म्हणून. श्रेय नंतर आलं.

भारताशी काही संबंध?

त्याचा थेट काही नाही. त्याच्या आजोबाच्या काळात मात्र त्वेरचा अफानासी निकितिन हा व्यापारी घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर अडकला, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. कझान आणि आस्त्राखान मॉस्कोकडे आल्यावर निकितिन ज्या वोल्गेने लुटला जात जात आला ती वाट रशियाची झाली, एवढंच.

आज रशियात त्याला काय मानतात?

ज्याला जसा हवा तसा. १८६२ मध्ये नोव्हगोरोदला रशियाच्या हजार वर्षांचं भव्य स्मारक उभारलं, त्यात अनास्तासिया आहे, तो नाही. ज्या शहरात कत्तल केली तिथे कसा असणार. मग स्टालिनला तो आवडला, दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या इव्हानवरच्या सिनेमाच्या पहिल्या भागाला स्टालिन पुरस्कार, आणि दुसऱ्या भागात राजा संशयाने पोखरलेला दिसला तर त्यावर १९४६ मध्ये बंदी, तो थेट १९५८ मध्ये दिसला. दिग्दर्शकाला बोलावून स्टालिनने समजावलं की इव्हानची चूक एवढीच, बड्या घराण्यांपैकी पाच त्याने शिल्लक ठेवली.

२०१६ मध्ये ओर्योल शहरात त्याचा पुतळा उभा राहिला. त्या वेळी तिथल्या गव्हर्नरने सांगितलं की राजाने मुलाला मारलं नाही, मुलगा आजारी होता आणि मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला नेताना वाटेत गेला. सेंट पीटर्सबर्ग १७०३ चं. नंतर बोलण्यात चूक झाली असा खुलासा आला.

मेला कसा, आणि कबर बघता येते का?

मार्च १५८४, वय ५३. आंघोळ करून बुद्धिबळाचा पट मांडत होता आणि कोसळला, असं एका इंग्रजाने लिहिलंय. गादीवर आला साधाभोळा फ्योदोर, कारभार मेहुणा बोरिस गोदुनोव्हच्या हातात. धाकटा द्मित्री १५९१ मध्ये उग्लिचला गळ्याला सुरी लागून गेला, फ्योदोर १५९८ मध्ये निपुत्रिक, आणि सातशे वर्षांचं घराणं संपलं. मग दुष्काळ, तोतये, परकी फौजा, आणि १६१३ मध्ये गादी मिळाली ती अनास्तासियाच्या माहेरच्या रोमानोव्हांना.

कबर क्रेमलिनच्या आर्खांगेल्स्की कॅथेड्रलमध्ये आहे, पण मूर्तींच्या भिंतीमागे, त्यामुळे साध्या तिकिटावर ती दिसत नाही. आत शेजारी दोनच शवपेट्या आहेत, एक फ्योदोरची आणि एक थोरल्या इव्हानची.